रस किती आटवावा? : अहमदनगर जिल्ह्यातील गूळनिर्मितीतील एका निर्णयाचा इतिहास

प्रस्तावना

अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) जिल्ह्याच्या आर्थिक इतिहासाचे लेखन बहुतांशी साखर कारखान्यांभोवती फिरते. धरणे, कालवे, बागायत, सहकार आणि त्यातून उभे राहिलेले राजकीय नेतृत्व या क्रमाने हा इतिहास सांगितला जातो. तो चुकीचा नाही. तथापि कारखान्यापूर्वीच्या गुऱ्हाळाचा उल्लेख त्यात एका वाक्यात उरकला जातो आणि गुऱ्हाळात प्रत्यक्ष काय घडत होते, तेथे कोणता निर्णय कोण घेत होते, त्या निर्णयावर शेतकऱ्याचे काय अवलंबून होते, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. प्रस्तुत निबंधात या निर्णयांपैकी एकाच निर्णयाचा विचार केला आहे. उसाचा रस काहिलीत किती वेळ आटवायचा आणि काहील चुलाणावरून नेमकी केव्हा उतरवायची, हा तो निर्णय होय.

वरकरणी ही बाब क्षुल्लक वाटते. परंतु बारा ते अठरा महिने शेतात उभ्या असलेल्या पिकाचे मोल अखेरच्या दहा-पंधरा मिनिटांत ठरत असे, हे ध्यानात घेतले म्हणजे तिचे महत्त्व कळते. मराठी भाषेने 'गुऱ्हाळ' या शब्दाला लांबत जाणाऱ्या, निष्पन्न काही न होणाऱ्या चर्चेचा अर्थ दिला आहे. गुऱ्हाळातील कसब मात्र योग्य क्षणी थांबण्याचे होते.

घड्याळाचे माप आणि खुणेचे माप

कोणताही गोड रस उकळताना 'किती वेळ' हा प्रश्न उभा राहतो. युरोपातील बिअर बनविणारे जवाच्या माल्टपासून काढलेला गोड द्रव हॉप्सची फुले घालून साधारणपणे एक ते दीड तास उकळतात. त्या अवधीत फुलांतील कडू द्रव्ये रूपांतरित होऊन द्रवात विरघळतात, प्रथिने गोठून तळाशी बसतात आणि नको असलेला वास वाफेबरोबर निघून जातो. हा द्रव शेवटपर्यंत मुख्यतः पाणीच असतो. त्यामुळे त्याचे तापमान उकळीच्या बिंदूपाशीच राहते आणि काळ मोजण्यास घड्याळ पुरते.

आपल्याकडील अरिष्टांची रीत वेगळी आहे. आयुर्वेदात वनस्पतींचा काढा करून, त्यात गूळ व धायटीची फुले घालून जे आंबवले जाते ते अरिष्ट. काढा न करता केले जाते ते आसव. अरिष्टाचा काढा किती उकळावा याचे माप तासांत दिले जात नाही. पाण्याचा चौथा हिस्सा उरेपर्यंत आटवावे, असे ते माप आहे. म्हणजे येथे किती वेळ गेला यापेक्षा किती उरले याला महत्त्व आहे. गंगाधरशास्त्री गुणे यांच्या कार्यामुळे आयुर्वेद शिक्षणाचे केंद्र बनलेल्या नगर शहराला ही रीत अपरिचित नव्हती.

गुळाच्या रसाला यांपैकी कोणतेच माप पुरत नाही. साधारण अठरा टक्के विद्राव्य घनद्रव्य असलेल्या शंभर किलो रसातून सुमारे ऐंशी किलो पाणी वाफेच्या रूपाने घालवावे लागते, तेव्हा वीस किलोच्या आसपास गूळ हाती येतो. एका आधणास सर्वसाधारणपणे अडीच-तीन तास लागतात. यांतील पहिले दोन-सव्वादोन तास तापमान फारसे वाढत नाही. पाणी कमी होऊन पाक दाट झाला की ते झपाट्याने चढते. १०५-१०६ अंश सेल्सिअसला उतरवले तर काकवी मिळते. ११६ ते ११८ अंशांच्या दरम्यान उतरवले तर घट्ट ढेप बसते. १२० ते १२२ अंशांपर्यंत नेले तर दाणेदार, भुकटीचा गूळ होतो. गोदावरी-प्रवरेच्या खोऱ्यातील गावे समुद्रसपाटीपासून सुमारे पाचशे मीटर उंचीवर असल्याने तेथे पाणी शंभर अंशांच्या दीड-दोन अंश अलीकडेच उकळते आणि पुस्तकातील हे आकडेही तेवढेच खाली सरकतात. तापमापी गुऱ्हाळात पोहोचल्यानंतरही केवळ छापील आकड्यावर विसंबणारा फसण्याची शक्यता होती, ती यामुळे.

गुळव्याचे कसब

या निर्णयाचा अधिकार गुळव्याकडे असे. गुऱ्हाळात चरकावर ऊस घालणारे, चिपाड वाळत घालणारे, चुलाणाच्या तोंडाशी बसून जाळ घालणारा जळव्या अशी अनेक माणसे राबत. परंतु काहिलीच्या काठावर शब्द चाले तो गुळव्याचा. ऊस ज्याचा, तो मालकही त्या वेळी गप्प राहत असे.

रस तापू लागला की पहिल्या उकळीपूर्वी वर आलेली मळी काढून टाकावी लागे. भेंडीच्या खोडाचा चिकट द्रव आणि चुन्याची निवळी घातल्याने मळी एकत्र येण्यास मदत होई व रसातील आंबटपणा मारला जाई. चुना कमी पडला तर गूळ नरम राही, अधिक पडला तर त्याचा रंग काळवंडे. पुढे फेस उतू जाऊ लागला की तेलाचे थोडे थेंब टाकून तो बसवला जाई. मग पाकाचे बुडबुडे लहानाचे मोठे होत, त्यांचा आवाज बदले, फावड्यावरून पडणाऱ्या धारेचा रंग आणि तिची तार बदले. शेवटची परीक्षा थंड पाण्याची असे. पाकाचा थेंब पाण्यात टाकून बोटांनी त्याची गोळी वळायची. ती पसरली तर पाक कच्चा. ती घट्ट वळली आणि भांड्याच्या कडेवर मारल्यावर टणक वाजली, तर काहील उतरविण्याची वेळ झाली.

वस्तुतः वेळ झाली हे कळण्याच्या किंचित आधीच निर्णय घ्यावा लागे. चुलाणाच्या भिंतींत उष्णता साठलेली असते. जाळ ओढून घेतला तरी पाक शिजतच राहतो. भरलेली काहील दांडे लावून चार-सहा माणसांनी उचलायची आणि वाफ्यात रिकामी करायची, यातही वेळ जातो. म्हणून गुळव्याला पाकाची आजची स्थिती पाहून थोड्या वेळानंतरच्या स्थितीचा अदमास बांधावा लागे. हे ज्ञान लिहून ठेवण्याजोगे नव्हते. ते काहिलीच्या काठावर उभे राहूनच पुढच्या पिढीकडे जाई.

आणखी एक अडचण अशी की, एका शेतावरचा अनुभव दुसऱ्या शेतावर जसाच्या तसा लागू पडत नसे. तोडणीनंतर बारा तासांच्या आत गाळलेल्या उसाचा रस आणि दोन दिवस पडून राहिलेल्या उसाचा रस यांत मोठे अंतर असते. पडून राहिलेल्या रसातील साखरेचे ग्लुकोज व फ्रुक्टोज यांत विघटन झालेले असते आणि अशा रसाला कितीही आटवले तरी रवा धरत नाही. उलट, आंबट रस मंद जाळावर फार वेळ ठेवला तर उकळीतच हे विघटन वाढते. ओल्या चिपाडामुळे जाळ मंद पडला की आधण लांबे व गूळ बिघडे. त्यामुळे गुळव्याचे यश जळव्याच्या हातात, जळव्याचे यश चिपाड सुकण्यात आणि चिपाडाचे सुकणे हवामानावर अवलंबून असे.

कालवे, कर्ज आणि बाजार

एकोणिसाव्या शतकात जिल्ह्यात ऊस होता, पण तो विहिरींच्या आणि लहान पाटांच्या पाण्यावर. १८८४ मध्ये प्रसिद्ध झालेला मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा सतरावा खंड अहमदनगर जिल्ह्याचा आहे. त्या काळातील नगर हा मुख्यतः ज्वारी-बाजरीचा आणि वारंवार दुष्काळ पाहणारा जिल्हा होता. १८७८ मध्ये धोंड-मनमाड लोहमार्ग सुरू झाल्याने नगर, राहुरी, बेलापूर, पुणतांबे ही स्थानके दूरच्या बाजारांशी जोडली गेली. याच सुमारास लाकडी घाण्यांची जागा लोखंडी चरक घेऊ लागले. बिहारमधील बिहिया येथे १८७०च्या दशकात तयार झालेल्या लोखंडी चरकाचा प्रसार देशभर झाला आणि पुढे किर्लोस्करवाडीहूनही असे चरक येऊ लागले. चरकामुळे रस अधिक निघू लागला. काहिलीवरचा निर्णय मात्र होता तेथेच राहिला.

खरा बदल कालव्यांनी घडवला. दारणा धरण व नांदूर-मधमेश्वर बंधाऱ्यापासून निघालेल्या गोदावरी कालव्यांनी कोपरगाव परिसर भिजवला. प्रवरेवरील भंडारदरा धरणाचे काम १९१० मध्ये सुरू होऊन १९२६ मध्ये पूर्ण झाले. गव्हर्नर लेस्ली विल्सन यांच्या नावावरून ते विल्सन धरण म्हणूनही ओळखले जाते. या पाण्यावर उसाचे क्षेत्र वाढले. गोखले अर्थशास्त्र संस्थेसाठी धनंजयराव गाडगीळ यांनी गोदावरी व प्रवरा कालव्यांच्या परिणामांची जी पाहणी केली, तिचा 'इकॉनॉमिक इफेक्ट्स ऑफ इरिगेशन' हा अहवाल १९४८ मध्ये प्रसिद्ध झाला. पाटबंधाऱ्यांच्या लाभाचे असे तपशीलवार मोजमाप करण्याचा तो देशातील आरंभीचा प्रयत्न होता आणि त्यासाठी याच जिल्ह्याचा पट्टा निवडला जावा, हे अर्थपूर्ण आहे.

कालव्याने पाणी दिले, पण गुळव्याचे काम सोपे केले नाही. निचरा नसलेल्या काळ्या जमिनीत पाणी मुरून ती चोपण, खारवट होऊ लागली. अशा जमिनीतील उसाच्या रसात क्षार अधिक असतात. त्याचा गूळ खारट आणि नरम होतो, दमट हवेत पाझरतो. भरघोस उत्पन्नासाठी पेंड आणि अमोनियम सल्फेट यांचा मारा केलेल्या उसाचीही तीच तक्रार असते. पिकाचे टन वाढत असताना गुळाची प्रत राखणे कठीण होत गेले.

येथेच 'किती आटवावे' या प्रश्नाचा बाजाराशी संबंध येतो आणि तो या विषयाचा गाभा आहे. गुळाच्या व्यापारात भाव ठरे तो मुख्यतः रंगावरून व रव्यावरून. पाक जरा लवकर उतरवला तर ढेप पिवळसर, देखणी दिसते व अडतीत चांगला भाव मिळवते; पण तिच्यात ओलावा अधिक राहतो आणि पावसाळी हवेत ती सुटते. पाक थोडा अधिक कडक केला तर रंग गडद होतो, आजचा भाव पडतो. परंतु ढेप टिकते आणि हंगाम संपल्यावर, आषाढ-श्रावणात भाव चढेपर्यंत ठेवता येते. म्हणजे पाकाच्या दोन-तीन अंशांत शेतकऱ्याला निवड करावयाची असे: आज विकायचे की थांबायचे. ही निवड तत्त्वतः मोकळी होती, व्यवहारात नव्हती. पाणीपट्टी, खत आणि मजुरी यांसाठी ज्याने अडत्याकडून आगाऊ उचल घेतली होती, त्याला गूळ त्याच अडतीत आणि हंगामातच घालावा लागे. टिकाऊ गूळ करण्यात त्याचा काहीच लाभ नव्हता. कर्जबाजारी शेतकऱ्याचा गूळ लवकर उतरे आणि ज्याच्या घरात चार पैसे शिल्लक होते त्याचा उशिरा, असे विधान करणे अतिशयोक्त होईल, कारण गुळव्याची चूक आणि रसाचा दोष यांचाही वाटा त्यात होता. परंतु काहील उतरविण्याचा क्षण निव्वळ तंत्राचा प्रश्न नव्हता, एवढे निश्चित म्हणता येते.

१९२९ नंतरच्या जागतिक मंदीत शेतमालाबरोबर गुळाचेही भाव कोसळले. कालव्याची पट्टी आणि सावकाराचे व्याज मात्र उतरले नाही. या काळात चांगला पाक साधलेला गूळही खर्च भरून काढीना.

काहिलीकडून पॅनकडे

याच पट्ट्यात रस आटविण्याची दुसरी पद्धत आधीच आली होती. श्रीरामपूरजवळ हरिगाव येथे बेलापूर कंपनीने १९२०च्या दशकात साखर कारखाना उभारला. १९३२ मध्ये साखर उद्योगाला जकातीचे संरक्षण देणारा कायदा झाला आणि त्यानंतर टिळकनगर, साकरवाडी, चांगदेवनगर येथे खाजगी कारखाने निघाले. त्यांतील काहींनी शेतकऱ्यांच्या जमिनी दीर्घ मुदतीच्या खंडाने घेऊन स्वतःच ऊस पिकवला. अशा ठिकाणी शेतकऱ्याच्या हातून काहीलच नव्हे, तर वावरही गेले. १९६१ च्या कमाल जमीन धारणा कायद्यानंतर या जमिनी शासनाने घेतल्या व त्यांतूनच १९६३ मध्ये शेती महामंडळ स्थापन झाले.

कारखान्यातील उकळीचे तत्त्व काहिलीच्या अगदी उलट आहे. एडवर्ड हॉवर्ड या इंग्रज रसायनज्ञाने १८१३ मध्ये निर्वात पॅनचे पेटंट घेतले. बंद भांड्यातील हवा खेचून घेतली की रस साठ-सत्तर अंशांनाच उकळतो. उष्णता कमी, म्हणून साखर करपत नाही आणि तिचे विघटनही कमी होते. १८४०च्या दशकात अमेरिकेतील नॉर्बर्ट रिल्यू यांनी एका भांड्याच्या वाफेवर दुसरे भांडे उकळविण्याची युक्ती काढल्याने इंधनाचाही प्रश्न सुटला. काहिलीत जे 'थोडे अधिक' झाले की गूळ काळा पडे, ते भय येथे पुष्कळसे उरले नाही. गुळात साखर व मळीतील सर्व द्रव्ये एकत्रच गोठतात. कारखान्यात स्फटिक वेगळे होतात आणि उरलेली मळी बाजूला जाते. गुऱ्हाळात 'मळी' म्हणजे वर येणारा फेस, कारखान्यात 'मळी' म्हणजे शेवटी उरणारा काळा द्रव. एकाच शब्दाचा हा अर्थबदल दोन पद्धतींतील अंतर दाखविण्यास पुरेसा आहे.

१९४५ मध्ये बेलापूर रोड येथे भरलेल्या दख्खन कालव्यांवरील बागायतदारांच्या परिषदेत शेतकऱ्यांनी स्वतःचा कारखाना काढावा हा विचार पुढे आला. विठ्ठलराव विखे पाटील यांनी गावोगाव फिरून भागभांडवल जमविले. गाडगीळ आणि वैकुंठभाई मेहता यांनी त्या खटपटीला अर्थशास्त्राचे व सहकाराचे पाठबळ दिले. लोणी येथील प्रवरा सहकारी साखर कारखान्याची नोंदणी ३१ डिसेंबर १९४८ रोजी झाली आणि १९५०-५१ हा त्याचा पहिला गळीत हंगाम ठरला.

सभासद शेतकऱ्याच्या दृष्टीने या घटनेचा एक अर्थ आजवर फारसा मांडला गेलेला नाही. गुऱ्हाळ चालविणारा शेतकरी गूळ विकत असे. पाकाचा धोका त्याचा आणि पाक साधल्याचा लाभही त्याचाच. कारखान्याला तो ऊस विकू लागला. काट्यावर वजन झाले की पुढील उकळीशी त्याचा संबंध संपे. एका आधणाच्या बिघाडाने वर्ष वाया जाण्याची भीती गेली, हा लाभ मोठा होता आणि तो नाकारणे अन्यायाचे होईल. परंतु त्याबरोबर निर्णयही गेला. पुढे उसाचा भाव साखर-उताऱ्याशी जोडला गेला, तेव्हा प्रयोगशाळेत पोलॅरिमीटरवर निघालेला सरासरी आकडा सर्वांना लागू झाला. ज्याचा ऊस खारपड जमिनीतला आणि ज्याचा उत्तम, त्या दोघांचा उतारा एकच धरला गेला. गुळव्याच्या काहिलीत प्रत्येक शेताचा रस वेगळा ओळखला जाई. कारखान्याच्या टाकीत तो एक झाला. उतारा कसा काढला जातो याविषयी सभासदांच्या मनात वारंवार जो संशय दिसतो, त्याचे एक मूळ येथे असावे.

गुळव्याची दोन बोटे मात्र पूर्णपणे निवृत्त झाली नाहीत. कारखान्याच्या पॅनवर काम करणाऱ्या पॅनमनला दाब व तापमान दाखविणारी यंत्रे असतात. तरीही तो पॅनमधून नमुना काढून काचेच्या पट्टीवर पसरतो, उजेडाकडे धरून दाणा पाहतो आणि अंगठा व तर्जनी यांत पाक धरून त्याची तार ताणतो. दोन-तीन तासांच्या त्या उकळीचा शेवट कधी करायचा, हे ठरविताना तो आपल्या हातावर विश्वास ठेवतो.

उरलेली गुऱ्हाळे

जिल्ह्यात राहुरी, श्रीरामपूर, संगमनेर, कोपरगाव, नेवासे, श्रीगोंदे अशा तालुक्यांतून सहकारी कारखाने उभे राहिले आणि गुऱ्हाळांची चुलाणे विझत गेली. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाने कारखान्यांसाठी क्षेत्र राखून ठेवण्याचे आणि यंत्रचरकांवर नियमन करण्याचे अधिकार शासनाला मिळाले. गूळ हा मुख्य व्यवसाय म्हणून कोल्हापूरकडे टिकून राहिला. तेथील गुळाला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले.

बिघडलेल्या गुळाचे पुढे काय होई, हाही इतिहासाचा भाग आहे. करपलेला, काळा, पाझरलेला गूळ खाण्यास चालत नसे. पण आंबविण्यास चाले. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यानंतर हातभट्टीच्या रसायनासाठी अशा गुळाला चोरटी मागणी आली आणि मोहफुलांप्रमाणे सडक्या गुळावरही शासनाला नियंत्रण आणावे लागले. काहील उतरविण्यात झालेली चूक अशा रीतीने पोलिसांच्या पंचनाम्यापर्यंत पोहोचली. चांगल्या गुळाच्या बाबतीतही रंगाच्या हव्यासाने हैड्रॉस पावडरचा शिरकाव झाला. ही पावडर टाकली की पाक पिवळा दिसतो, पण काही काळाने ढेप पुन्हा गडद होते. अर्थात गिऱ्हाइकाच्या हाती ती त्याआधीच गेलेली असते.

१९६८ मध्ये स्थापन झालेल्या राहुरी येथील महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या अखत्यारीत पाडेगाव व कोल्हापूर ही ऊस आणि गूळ संशोधनाची केंद्रे येतात. रसायनविरहित गूळ, काकवी आणि गूळभुकटी यांच्या शिफारशींत पाक कोणत्या तापमानास उतरवावा याचे आकडे दिलेले असतात. अलीकडे रसायनविरहित गुळाला शहरांतून मागणी वाढल्याने जिल्ह्यातील काही ऊस उत्पादक पुन्हा स्वतःच्या शेतावर चुलाण पेटवू लागले आहेत. कारखान्याचा हप्ता लांबला की ही संख्या वाढते. रंगासाठी पावडर घालायची नाही असे ठरविल्यावर त्यांच्यापुढे जुनाच प्रश्न येऊन उभा राहतो: पिवळेपणा राखायचा की टिकाऊपणा. काहिलीच्या काठाला तापमापी लावलेली असते आणि शेजारी थंड पाण्याचे भांडे ठेवलेले असते.